संदर्भाची ओळ

वाचनालयाच्या दारात प्रश्नपेटी ठेवायची कल्पना साहेबांची. साहेब म्हणजे वाचनालयाचे मुख्य. दोन वर्षांपूर्वी ते बागा खात्यातून बदलून आले आणि इथंही त्यांची नजर माळ्याचीच राहिली: कुठं काही उगवतंय का, आणि उगवत नसेल तर का नाही. माणूस वाईट नव्हता, पण त्यांच्या उत्साहाला आवर नव्हता, आणि असल्या माणसाच्या हाताखाली काम करणाऱ्यांच्या नाकी नऊ येतात हे कुणीही सांगेल.

या खेपेला उत्साहाला कारणही होतं. अकरा वर्षांनी पहिल्यांदा वाचनालयाला एक शिकाऊ जागा मंजूर झाली होती. सतरा ते एकवीस वयाच्या कुणीही अर्ज करावा, दोन वर्षं इथं काम शिकावं, जोडीला ग्रंथालयशास्त्राची परीक्षा द्यावी आणि मग कायम व्हावं. मात्र महिनाअखेरीपर्यंत एकही अर्ज आला नाही, तर जागा रस्ते खात्याकडे जाणार होती. तिथं म्हणे खड्डे मोजायला माणूस कमी पडत होता.

साहेबांनी पोस्टर काढलं. त्यावर एक मुलगी डोक्यावर सात पुस्तकं तोलून हसत उभी, आणि खाली मोठ्या अक्षरांत ‘ग्रंथपाल व्हा!’ वाचनालयात सव्वीस वर्षं ग्रंथपाल असलेल्या बाईंनी ते पाहिलं आणि त्यांची मान दुखायला लागली. सव्वीस वर्षांत त्यांनी एकही पुस्तक डोक्यावर ठेवलं नव्हतं, आणि इतकं हसल्याचंही त्यांना आठवत नव्हतं.

मग साहेबांनी त्यांना दोन शाळांत भाषणाला पाठवलं. पहिल्या शाळेत बाई ‘ग्रंथपाल म्हणजे...’ एवढं म्हणाल्या आणि पुढचं काही केल्या सुचेना. शेवटी त्यांनी वाचनालयाच्या वेळा सांगितल्या आणि खाली बसल्या. दुसऱ्या शाळेत एका मुलीनं विचारलं, की आता सगळं फोनवर मिळतं, मग तुम्ही कशाला लागता. बाईंनी त्याला फार चांगलं उत्तर दिलं असतं, फक्त ते त्यांना परतीच्या बसमध्ये सुचलं. अर्ज एकही आला नाही.

म्हणून ही पेटी. शेजारी कोरी कार्डं आणि दोरीला बांधलेली पेन्सिल. तरुण मुलं समोर विचारायला लाजतात, तर त्यांनी नाव न लिहिता या कामाबद्दल काय हवं ते विचारावं, तीन दिवसांत उत्तर मिळेल. उत्तर लिहिलेलं कार्ड फळ्यावर क्रमांकानं टाचलं जाई, आणि ज्याचं असेल तो काढून नेई. कार्डावर तीन ओळी छापल्या होत्या: प्रश्न, उत्तर, संदर्भ. त्यातली संदर्भाची ओळ बाईंनी हट्टानं घालायला लावली. वाचनालयाचा तो जुना शिरस्ता होता. कुणी काही विचारलं तर मनचं सांगायचं नाही, शोधून सांगायचं, आणि उत्तर कुठून आणलं ते खाली लिहायचं. लिहिता येत नसेल तर ते उत्तर नव्हे, गप्पा.

पहिल्या आठवड्यात सहा कार्डं आली. दोघांना वायफायचा पासवर्ड हवा होता. एकाला स्वच्छतागृह कुठं आहे ते. एकानं विचारलं होतं, की या कामात दिवसभर गप्प बसावं लागतं का. एका कार्डावर फुल्ली-गोळ्याचा अर्धा डाव होता. आणि सहाव्यावर, ‘पेन्सिल चोरली तर काय शिक्षा?’ बाई दारापाशी जाऊन बघतात तर पेन्सिल खरंच गेली होती.

सातवं कार्ड वेगळं होतं. पण त्याआधी घरचं सांगायला हवं, कारण खरं घोडं तिथंच अडलेलं होतं.

बाईंना एक मुलगी, सतरा वर्षांची. लहानपणी ती शेजारच्या मुलांत सगळ्यात ठेंगणी होती म्हणून तिचं नाव बुटकी पडलं, आणि आता ती आईपेक्षा वीतभर उंच असली तरी ते नाव काही सुटलेलं नव्हतं. तिचे वडील वीजदुरुस्तीच्या कामावर, चार दिवस घरी तर दहा दिवस बाहेरगावी. ‘तुम्ही दोघी ठरवाल ते,’ हे त्यांचं प्रत्येक बाबतीतलं मत. तर दोघींपैकी एकीनं ठरवलं होतं. बुटकीनं औषधनिर्माणाला जायचं. तिच्या मावशीचं औषधांचं दुकान होतं, शिकून झालं की तिथं बसायचं, स्वच्छ पांढरा कोट, स्वच्छ पांढरं भविष्य. प्रवेशाचा फॉर्म आणून टेबलावर ठेवला होता आणि तो पंधरा दिवस तिथंच पडून होता.

पोस्टर लागलं त्या दिवशी बुटकीनं जेवताना सहज विचारावं तसं विचारलं होतं, की ती शिकाऊ जागा खरंच आहे का. बाई म्हणाल्या होत्या, आहे, पण ती बाहेरच्या मुलांसाठी आहे, आपल्यासाठी नाही. बुटकी ‘बरं’ म्हणाली आणि ताट उचलून गेली. बाईंनाही आपण काय बोललो त्यात काही वावगं वाटलं नाही. दिवसभर दुसऱ्यांच्या मुलांना ज्या विहिरीत उडी मारा म्हणून सांगायचं, तिच्या कठड्याशीही आपलं मूल जाऊ द्यायचं नाही, हे किती जण करतात आणि निवांत झोपतात. बाई तशा सरळ मनाच्या होत्या. फक्त या एका बाबतीत त्यांनी आपल्याच डोळ्यांवर कातडं ओढलं होतं.

आता सातवं कार्ड. प्रश्न साधा होता: ‘ग्रंथपाल दिवसभर काय करतो?’ पण बाईंनी प्रश्न वाचलाच नाही आधी, अक्षर पाहिलं, आणि त्यांच्या हातातला चहा कपातच निवला.

ते कार्ड-अक्षर होतं. संगणक येण्यापूर्वी प्रत्येक पुस्तकाचं एक कार्ड हातानं लिहीत, आणि सगळ्यांची कार्डं एकसारखी दिसावीत म्हणून लिहिणाऱ्यांना एक ठरावीक अक्षर घोटून शिकवत. अक्षरं सुटी, उभी, उंचीला सारखी, वळणदार काही नाही, रेघेच्या खाली शेपटी लोंबू द्यायची नाही. कुणाचं म्हणून ओळखता येऊ नये हीच त्या अक्षराची परीक्षा. बाई ते जुन्या सरांकडे शिकल्या होत्या, सर त्यांच्या आधीच्यांकडे. सर निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली. आता ते अक्षर लिहिणारं जगात कोण उरलं होतं? सर आणि बाई.

म्हणजे सर आपली परीक्षा घेतायत, असं बाईंनी ठरवलं. किंवा साहेबांनी सरांना हाताशी धरून आपल्या कामाची तपासणी लावली आहे. त्यांनी ग्रंथालयशास्त्राचं जाडं पाठ्यपुस्तक काढलं आणि त्यातून संकलन, वर्गीकरण, तालिकीकरण, जतन असं कार्डाच्या दोन्ही बाजू भरून उत्तर लिहिलं. संदर्भाच्या ओळीत पुस्तक, आवृत्ती, पान. कार्ड फळ्यावर लागलं. दुसऱ्या दिवशी ते गेलेलं होतं, आणि पेटीत नवं पडलं होतं.

त्याच अक्षरात लिहिलं होतं: ‘तुम्ही सांगितलेलं पान वाचलं. त्यात आहे ते काहीच तुम्ही करताना दिसत नाही. काल काय केलंत?’

बाईंचे कान गरम झाले. हे सर नव्हेत. सर टोचून बोलत, पण पत्रातून कधी नाही. मग साहेब? पण साहेबांचं अक्षर म्हणजे ओल्या शाईवरून कोंबडी पळालेली. बाई बुचकळ्यात पडल्या. एक क्षण तर त्यांना अशीही शंका आली, की कामाच्या नादात हे आपणच लिहून टाकत नाही ना, आणि त्यांनी स्वतःच्या बोटांवर पेन्सिलीचे डाग आहेत का ते पाहिलं. होते. पण ते रोजच असत.

उत्तर तर द्यायला हवं होतं. त्यांनी कामाची वही उघडली आणि आदल्या दिवशीची नोंद पाहून लिहायला घेतलं. एका आजोबांना डोळ्यांच्या ऑपरेशनचा कागद समजत नव्हता. आपण डॉक्टर नाही, सल्ला द्यायचा नाही, म्हणून प्रत्येक अवघड शब्दाचा अर्थ कोशातून काढून मोठ्या अक्षरात लिहून दिला. एकीला लग्नाआधी वाचलेलं एक पुस्तक हवं होतं. नाव आठवत नाही, लेखक आठवत नाही, जाड आहे आणि निळं आहे. पन्नास मिनिटांनी ते सापडलं. हिरवं होतं. खिडकीची कडी अडकली होती ती काढली. दोनशे चौदा पुस्तकं जागेवर लावली. एक बाई नुसत्याच बसायला येतात, त्यांना पंख्याखालची खुर्ची दिली आणि काही विचारलं नाही. संदर्भ: कामाची वही.

लिहून झाल्यावर बाईंनी ते दोनदा वाचलं. हे सगळं आपण एका दिवसात केलं, आणि संध्याकाळी घरी बुटकीनं ‘आज काय झालं?’ म्हणून विचारल्यावर ‘काही नाही’ असं सांगितलं, हे त्यांच्या लक्षात आलं आणि त्यांना जरा विचित्र वाटलं. पण विचार तिथंच थांबला.

आता इथं बसून तुम्हाला-आम्हाला जे लख्ख दिसतंय ते बाईंना का दिसू नये, असं कुणी म्हणेल. बुटकी सहा वर्षांची होती तेव्हापासून शाळा सुटली की वाचनालयात येऊन काउंटरमागे बसायची. घरी ठेवायला कुणी नव्हतं. तिनं गप्प बसावं म्हणून बाई तिच्या हातात बाद झालेली कार्डं द्यायच्या आणि म्हणायच्या, घे, माझ्यासारखं काढ. पाच-सहा वर्षं तिनं काढलं. पुस्तकांची लेबलं केली, कपाटांच्या पाट्या केल्या, घरच्या डब्यांवर ‘साखर’ आणि ‘मीठ’ लिहिलं. पण बाईंच्या हिशेबी ते शिकवणं नव्हतंच, ते मूल रमवणं होतं. आणि आता बुटकीचं वहीतलं अक्षर इतकं गिचमिड होतं, की त्यावरून आठवड्याला एकदा घरात वाजायचं. तेव्हा दिसणार कुठून.

त्याच अक्षरात तिसरं कार्ड आलं: ‘कंटाळा येतो का?’

एव्हाना बाई सकाळी दार उघडलं की आधी पेटी उघडायला लागल्या होत्या. साहेबांनी ते पाहिलं आणि विचारलं, काही उगवतंय का. बाई म्हणाल्या, एक जण आहे, चिकाटीचा आहे, पण कोण ते कळत नाही. साहेब खूश झाले. म्हणाले, धरून ठेवा त्याला, मुदतीला आठ दिवस राहिलेत.

धरून ठेवायचं म्हणून गोड लिहावं, असं बाईंच्या मनात आलंही. पण पेन्सिल तशी चालेना. त्यांनी लिहिलं: येतो. दुपारी तीन ते चार. पाय दुखतात, धूळ नाकात जाते, आणि ‘तुमचं बरं आहे, दिवसभर वाचायला मिळतं’ असं म्हणणारा माणूस नेमका तेव्हाच येतो. तेव्हा मी परत आलेल्या पुस्तकांत लोकांनी विसरलेल्या खुणा काढते. बसचं तिकीट, केसातली पिन, औषधाची चिठ्ठी, एकदा लहान मुलाचा दुधाचा दात. पान कोणतं तेही मी पाहते. कुणी कुठं थांबलं ते कळतं. मग चार वाजतात. संदर्भ: टेबलाचा डावा खण, खालचा.

ते कार्डही गेलं. चार दिवस काही आलं नाही, आणि त्या चार दिवसांत बाईंच्या डोक्याला भुंगा लागला. आपण खरं लिहून त्या पोराला पळवून लावलं की काय? जागा रस्ते खात्यात जाईल. तीन वर्षांनी आपण निवृत्त होऊ, मग त्या काउंटरवर कोण उभं राहणार? आणि दुसऱ्या क्षणी वाटायचं, पळालं असेल तर बरंच झालं, सुटलं बिचारं. दोन्ही वाटायचं, एकाच वेळी, आणि दोन्ही खरं वाटायचं. स्वतःचंच मन आपल्याला ताकास तूर लागू देत नाही म्हणजे काय, हे त्यांना त्या आठवड्यात कळलं.

मुदतीला चार दिवस उरले असताना, सोमवारी, चौथं कार्ड पेटीत पडलं.

‘तुमच्या घरातल्या मुलाला किंवा मुलीला हे काम करू द्याल का?’

साहेबांनी ते खांद्यावरून वाचलं आणि लगेच तोडगा काढला. होय लिहा, त्यात काय, जाहिरातच आहे ही. बाई म्हणाल्या, खाली संदर्भ काय लिहू? साहेबांनी काही वेळ विचार केला आणि फोन आला नसतानाही फोन घ्यायला निघून गेले.

त्या संध्याकाळी बाई ते कार्ड घेऊन जुन्या सरांकडे गेल्या. खरं तर कार्ड वाचनालयाबाहेर न्यायचं नसतं. सर व्हरांड्यात कुंड्यांना पाणी घालत होते. हात थरथरत होते, निम्मं पाणी फरशीवर. हे अक्षर त्यांचं नाही, ते कार्ड हातात देण्याआधीच बाईंना कळून चुकलं. सरांनी भिंग काढलं आणि कार्ड पुष्कळ वेळ पाहिलं.

“पूर्णविराम बघ,” ते म्हणाले. “शब्दाला चिकटून नाही. तांदूळभर लांब. प्रश्नचिन्हाचंही तेच. ही खोड कुणाची?”

ती खोड बाईंचीच होती. सरांनी त्यासाठी त्यांना वर्षभर बोलणी घातली होती आणि शेवटी हात टेकले होते.

“ज्यानं हे लिहिलंय तो तुझ्याकडे शिकलाय. कुणाला शिकवलंस?”

“कुणालाच नाही, सर.”

सरांनी भिंग खाली ठेवलं आणि त्यांच्याकडे जरा वेळ पाहिलं. त्यांना सगळं आठवत होतं, काउंटरमागचं ते स्टूल, त्यावरून लोंबणारे पाय, सगळं. पण ते एवढंच म्हणाले, की विचार कर, मी काही सांगणार नाही. वाचकाचं नाव आपण फोडत नाही, हे तुला मीच शिकवलंय. आणि ते पुन्हा पाणी घालायला लागले.

बाई घरी येईपर्यंत आठवत राहिल्या. सुट्टीत मदतीला आलेली कॉलेजची दोन मुलं, त्यांनी तर पेन धरला नव्हता. पुस्तकं बांधणारे काका, ते अंगठ्यानं खळ लावतात, लिहीत नाहीत. सव्वीस वर्षांतलं एकेक माणूस त्यांनी डोळ्यांसमोर आणलं, आणि प्रत्येकाला ‘तू नाहीस’ म्हणून परत पाठवलं. घरी येऊन त्यांनी साखर असं लिहिलेला डबा काढला, चहा केला, मीठ असं लिहिलेला डबा काढून आमटीत मीठ टाकलं, आणि तरीही.

दुसरा दिवस खोडण्यात गेला. ‘होय’ लिहिलं, खोडलं. ‘नाही’ लिहिलं, तेही खोडलं. ‘होय’ म्हणजे खोटं, कारण घरी आपण दार लावून बसलो आहोत. ‘नाही’ म्हणजे आधी लिहिलेली तिन्ही कार्डं खोटी, आणि ती तर खोटी नव्हती. इतकं खरं त्यांनी कित्येक वर्षांत कुठं लिहिलं नव्हतं. मग आपल्याला वाटतं तरी काय? बाईंना स्वतःचीच लाज वाटली. पन्नाशीच्या बाईला आपलं मत माहीत नसावं आणि ते शोधायला एकही पुस्तक नसावं. त्या कपाटांमधून खरोखर फिरून आल्या, उगाच. उत्तराची ओळ खोडरबरानं इतकी झिजली की कार्ड उजेडात धरलं तर पलीकडचं दिसलं असतं.

तिसऱ्या दिवशी दुपारी, तीन ते चारच्या मध्ये, त्यांच्या डोक्यात एकदम आलं. शोधायचं तिथं आपण शोधलंच नाही. प्रश्न घरातल्या मुलाबद्दल आहे, तर संदर्भ घरी आहे. मुलीला या कामाबद्दल काय वाटतं, हे आपण तिला आजवर विचारलेलंच नाही. विचारल्याशिवाय काहीही लिहिलं तर त्या गप्पा होतील. बाईंना इतकं हायसं वाटलं, की त्या दिवशी त्यांनी पेन्सिल नेणाऱ्याला मनातल्या मनात माफ केलं.

घरी बुटकी टेबलाशी बसली होती. समोर औषधनिर्माणाचा फॉर्म, निम्मा भरलेला, त्याच गिचमिड अक्षरात. बाईंनी पिशवी खुर्चीला अडकवली, हात धुतले, आणि उभ्याउभ्याच म्हणाल्या, “एक विचारायचंय. कामाचं आहे.”

“विचार.”

“माझं काम तुला करावंसं वाटलं असतं, तर मी करू दिलं असतं, असं वाटतं का तुला?”

बुटकीनं पेनाचं टोपण लावलं. तिच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं आणि रागही नव्हता, ती दमलेली दिसत होती.

“हे तू मला कसं विचारतेस, आई? मी विचारलंय ना तुला. आणि तिसरा दिवस आजचाच आहे.”

बाईंनी खुर्ची ओढली, पण बसायचं राहिलंच. त्यांची नजर फळीवरच्या डब्यांकडे गेली. साखर, मीठ, सुटी उभी अक्षरं, ओळीनं. दहा वर्षं तिथंच होती. कुणालाच नाही, सर, असं आपण म्हणालो. सरांनी मग तसं का पाहिलं, ते आता त्यांना कळलं, आणि तोंडात मारल्यासारखं झालं.

समोर का नाही विचारलंस, एवढं त्यांनी कसंबसं विचारलं. बुटकी म्हणाली, समोर विचारलं होतं, जेवताना. तेव्हा तू बाहेरच्या मुलांसाठी म्हणालीस. म्हणून मी बाहेरची झाले. बाहेरच्यांना तू सगळं सांगतेस. दाताचं मला कधी सांगितलं नव्हतंस.

तिनं औषधनिर्माणाचा फॉर्म उचलून बाजूला केला. त्याखाली दुसरा होता, शिकाऊ जागेचा, वाचनालयाचा शिक्का असलेला. कार्ड-अक्षरात, पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत भरलेला. बाईंनी तो हातात घेतला. पूर्वानुभवापुढे लिहिलं होतं, ‘वय वर्षं सहा ते बारा. लेबलं, पाट्या, गप्प बसणे.’ या कामाची माहिती कुठून मिळाली, या प्रश्नापुढे लिहिलं होतं, ‘प्रश्नपेटी, कार्ड क्रमांक ७, ८, १२.’ प्रत्येक ओळीनंतरचा पूर्णविराम तांदूळभर लांब. खाली एकच जागा रिकामी होती. अर्जदार अठरा वर्षांखालील असल्यास पालकांची सही.

मुदत उद्या दुपारपर्यंत होती.

बाईंच्या मनात एकाच वेळी दहा गोष्टी उठल्या. पायांच्या शिरा, धूळ, आपल्यामागे ते काउंटर राहील की तिथं यंत्र बसेल, मावशीला काय सांगायचं, रस्ते खातं, पांढरा कोट. ओरडावं की जवळ घ्यावं तेही कळेना. भीती वाटत होती, खूप वाटत होती, आणि तिच्याखाली कुठं तरी आनंद होता, आणि त्या आनंदाचीच जास्त भीती वाटत होती. गोंधळ तसूभरही कमी झाला नव्हता. पण या गोंधळात एवढं मात्र नक्की होतं, की आपण लिहिलेलं एका माणसानं खरं मानलं आहे आणि त्यावर विसंबून अर्ज भरला आहे. दिलेलं उत्तर मागं घ्यायचं तर ते चूक होतं असं सांगावं लागतं. ते चूक नव्हतं.

त्यांनी पेन मागितला. बुटकीनं टोपण काढून दिला. बाईंनी सही केली आणि कागद तिच्यापुढे सरकवला.

बुटकीनं सही निरखून पाहिली. मग म्हणाली, “ही ग्रंथपालांची झाली. पालकांची हवी.”

बाईंनी वाकून पाहिलं. खरंच, पालकांच्या जागी त्यांनी आपलं नाव कार्ड-अक्षरात लिहून ठेवलं होतं. सुटं, उभं, सारख्या उंचीचं, कुणाचंही म्हणून खपेल असं. त्यांनी ते एका रेघेनं खोडलं आणि शेजारी पुन्हा सही केली, घरची, शाळेच्या प्रगतिपुस्तकावर बारा वर्षं करत आल्या होत्या ती. ती इतकी ऐसपैस झाली, की शेवटची वेलांटी चौकटीबाहेर गेली आणि शेपटी खालच्या ओळीवर उतरली. पण ती आईची आहे, हे ओळखायला कुणाला भिंग लागलं नसतं.